एपिसोड पार गंडला, आता काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायन्स फिक्शन मालिकेचा एखादा एपिसोड गंडला की दुसऱ्या दिवशी सकाळपासून मला मेसेज यायला लागतात आणि खरं सांगायचं तर प्रश्न तेच तेच असतात, फक्त मालिकेचं नाव बदलतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. स्पॉयलर भरपूर आहेत, पण यातले बरेचसे एपिसोड इतके जुने आहेत की त्यावर आता कुणी माझ्याशी भांडू नये.

१. एपिसोड बघून डोकं आउट झालंय. तो खरंच वाईट होता की मलाच उगाच राग आलाय?

एक रात्र जाऊ द्या आधी. रात्री दीड वाजता टाइप केलेलं मत सकाळी वाचलं की स्वतःचंच हसू येतं, मला तरी येतं.

मग एक गोष्ट वेगळी काढा: 'वाईट एपिसोड' आणि 'मला नको होतं ते घडलं' या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. आवडतं कॅरेक्टर मेलं, जोडी फुटली, व्हिलन सुटला, याचं वाईट वाटणारच, पण त्याने एपिसोड वाईट ठरत नाही, उलट कधीकधी तो चांगला होता म्हणूनच एवढं लागतं. माझी कसोटी साधी आहे. सुरुवातीच्या दहा मिनिटांत एपिसोडने स्वतःच्या तोंडाने काय कबूल केलं होतं आणि शेवटी ते पाळलं का?

'स्टार ट्रेक: व्हॉयेजर'चा 'थ्रेशोल्ड' घ्या, २९ जानेवारी १९९६ चा. सुरुवात काय भारी आहे! वॉर्प १० म्हणजे अनंत वेग, तिथे कुणी पोचूच शकत नाही, आणि पोचलाच तर तो एकाच क्षणी विश्वात सगळीकडे असेल. जहाजाचा पायलट टॉम पॅरिस पोचतो. इथपर्यंत मी खुर्चीच्या टोकावर. मग त्याला पाण्याची ॲलर्जी होते, जीभ गळून पडते, तो कॅप्टन जेनवेला उचलून पळतो, दोघांचं सॅलॅमँडरसारखं काहीतरी होतं, पिल्लं होतात, आणि डॉक्टर दोघांना परत माणसात आणतो. हेही एकवेळ चाललं असतं हो. पण हे व्हॉयेजर जहाज घरापासून ७० हजार प्रकाशवर्षं लांब अडकलंय, घरी जायला ७५ वर्षं लागणार हीच तर अख्ख्या मालिकेची गोष्ट, आणि यांना एका क्षणात कुठेही पोचायचा रस्ता सापडला, वर त्याचा साइड इफेक्ट बरा करता येतो हेही त्याच एपिसोडात सिद्ध झालं, आणि पुढच्या आठवड्यात कुणी त्याचं नावसुद्धा काढत नाही! राग सॅलॅमँडरचा नाहीये, राग या विसरण्याचा आहे.

२. फिलर, बॉटल एपिसोड, क्लिप शो हे सगळं एकच ना?

नाही. फिलर म्हणजे ज्याने मुख्य गोष्ट पुढे सरकत नाही तो. बॉटल एपिसोड म्हणजे पैसे वाचवायला असलेल्या सेटवर, मोजक्या लोकांत, एकदोन खोल्यांत उरकलेला. क्लिप शो म्हणजे जुन्याच एपिसोडचे तुकडे जोडून वर नवीन शूटिंगचं ठिगळ.

पहिल्या दोघांना उगाच शिव्या बसतात. 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन'चा 'ड्यूएट' (१९९३) स्वस्तातलाच आहे, बराचसा वेळ एक कैदी आणि त्याला प्रश्न विचारणारी बाई, बस, आणि आजही त्या मालिकेच्या सगळ्यात चांगल्या एपिसोडांत त्याचं नाव निघतं. 'डॉक्टर हू'चा 'मिडनाइट' (२००८) जवळपास पूर्ण एका गाडीच्या डब्यात घडतो आणि राक्षस दिसतसुद्धा नाही, तरी अंगावर काटा येतो. पैसा कमी म्हणजे एपिसोड वाईट, असं काही नसतं. क्लिप शोची बाजू मात्र मी घेणार नाही, तो का होतो ते ३ मध्ये.

३. एवढा पैसा, एवढी माणसं, तरी असला एपिसोड बाहेर पडतोच कसा? कुणी बघत नाही का आधी?

बघतात. त्यांना कळतंसुद्धा. पण तारीख ठरलेली असते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'च्या दुसऱ्या सीझनचा शेवट, 'शेड्स ऑफ ग्रे', जुलै १९८९. जहाजाच्या उपकप्तानाला, रायकरला, कुठल्यातरी ग्रहावर काटा टोचतो, तो बेशुद्ध पडतो, त्याला आठवणी येत राहतात आणि त्या आठवणी म्हणजे आपण आधीच बघितलेले एपिसोड. सीझनचा शेवट म्हणून हे! आता मागची गोष्ट बघा. अमेरिकेत १९८८ मध्ये ७ मार्च ते ७ ऑगस्ट लेखकांचा संप होता, पाच महिने. त्यात सीझन उशिरा सुरू झाला, २६ ऐवजी २२ एपिसोड झाले, आणि पहिल्याच एपिसोडासाठी सत्तरच्या दशकात न बनलेल्या एका स्टार ट्रेक मालिकेची जुनी स्क्रिप्ट बाहेर काढावी लागली. त्यात मधल्या दोन एपिसोडांनी बजेट ओलांडलं, एक शेरलॉक होम्सवाला 'एलिमेंटरी, डिअर डेटा' आणि दुसरा 'क्यू हू'. शेवटाला तिजोरीत खडखडाट. मग तीन दिवसांत शूटिंग उरकून हा क्लिप शो उभा केला.

आणि 'क्यू हू' म्हणजे कुठला, तर ज्यात बोर्ग, म्हणजे अर्धे जिवंत अर्धे यंत्र असलेले व्हिलन, पहिल्यांदा दिसतात. म्हणजे ज्या बोर्गवर आपण सगळे जीव टाकतो त्यांचं बिल 'शेड्स ऑफ ग्रे'ने भरलं. तिन्ही एपिसोडांचा डायरेक्टर पण एकच, रॉब बोमन. हे कळल्यापासून मला त्या एपिसोडाचा राग येत नाही, थोडी कीव येते. एपिसोड म्हणून तो टाकाऊच आहे हां, कारण समजलं म्हणजे माफी झाली असं नाही.

४. नक्कीच रायटर बदलला असणार, नाहीतर एवढं कसं पडेल?

हा सगळ्यात लाडका तर्क आहे आणि बऱ्याचदा चुकीचा निघतो. 'थ्रेशोल्ड'ची स्क्रिप्ट ब्रॅनन ब्रागा यांची, आणि त्याच ब्रागांनी रोनाल्ड मूर यांच्याबरोबर 'नेक्स्ट जनरेशन'चा शेवटचा एपिसोड 'ऑल गुड थिंग्ज' लिहिला ज्याला १९९५ चा ह्यूगो, म्हणजे सायन्स फिक्शनचा मोठा पुरस्कार, मिळाला. मधे दोन वर्षंसुद्धा नाहीत. जुन्या स्टार ट्रेकच्या तिसऱ्या सीझनचा पहिला एपिसोड 'स्पॉक्स ब्रेन' (२० सप्टेंबर १९६८), ज्यात एक बाई स्पॉकचा मेंदू चोरून नेते आणि डॉक्टर मॅकॉय उरलेल्या स्पॉकला रिमोटने चालवतो, तो ली क्रोनिन या नावाने आला. हे ली क्रोनिन म्हणजे जीन कून. स्टार ट्रेकमधली क्लिंगॉन ही परग्रहावरची लढवय्यी जमात ज्यांनी आणली तेच. टोपणनाव का घेतलं याचे अंदाज तुम्हीच करा.

सांगायचं काय, तर 'हा रायटर नालायक' म्हणायच्या आधी त्याचं बाकीचं काम बघा. हात बहुतेक वेळा तेच असतात, वेळ आणि पैसा वेगळा असतो (बघा ३).

५. सायन्स चुकीचं होतं म्हणून मी चिडलो तर मित्र म्हणतात 'अरे गोष्ट आहे ती'. कोण बरोबर?

दोघं थोडे थोडे. प्रकाशापेक्षा वेगात जाणारी जहाजं आपण मुकाट्याने गिळतो की, मग एखाद्या ठिकाणीच घास का अडकतो, ते बघायचं. मालिकेने आधी सांगितलेलं अशक्य असेल तर चालतं. मालिका जेव्हा आपल्याच जगातला आकडा देऊन त्यावर गोष्ट टेकवते, तेव्हा तो हिशोब तपासायचा हक्क आपल्याला आहे.

'डॉक्टर हू'चा 'किल द मून' (२०१४) बघा. चंद्र हे एक अंडं आहे. ठीक आहे, घेतलं मी, सुंदर कल्पना आहे. पण पृथ्वीवर भरतीने हाहाकार का, तर म्हणे चंद्राचं वजन १.३ अब्ज टनांनी वाढलंय. आता खऱ्या चंद्राचं वस्तुमान आहे साधारण ७३ वर १८ शून्यं इतके टन. त्यात १.३ अब्ज म्हणजे साडेपाच हजार कोटींतला एक भाग. साठ किलोच्या माणसाचं वजन एका मायक्रोग्रॅमने वाढावं तसं, मिठाचा एक कणसुद्धा याहून कितीतरी जड असतो. त्याने भरतीत काही म्हणजे काही फरक पडणार नाही. शिवाय अंड्यात पिल्लू वाढलं म्हणून अंड्याचं वजन वाढत नाही, आतलं आतच असतं सगळं. आणि पिल्लू बाहेर येतं, येतायेताच जवळपास तेवढंच नवं अंडं घालतं आणि आकाशात परत चंद्र! इथे माझा घास अडकला.

पण हेही सांगतो, त्याच एपिसोडाच्या शेवटी सोबतीण क्लारा डॉक्टरवर, म्हणजे मालिकेच्या हिरोवर, जी भडकते तो सीन त्या सीझनमधल्या उत्तम सीनपैकी आहे. हिशोब चुकलेला एपिसोड सगळाच्या सगळा फेकून द्यायचा नसतो.

६. वगळून पुढे गेलो तर चालेल का?

मालिकेवर अवलंबून. 'शेड्स ऑफ ग्रे' डोळे झाकून वगळा, काहीही बुडत नाही. पण 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या दुसऱ्या सीझनचा सातवा, 'द लॉस्ट सिस्टर' (२०१७), वगळायचा सल्ला सगळे देतात आणि तो मला पटत नाही. मनाच्या जोरावर वस्तू हलवणारी मुलगी इलेव्हन शिकागोला जाते, तिथे तिच्यासारखीच अजब ताकद असलेली काली तिला रागाला ताकद बनवायला शिकवते, आणि सीझनच्या शेवटी राक्षसांच्या जगाकडे उघडणारं गेट बंद करताना तेच कामाला येतं. तो वगळला तर शेवटचा तो सीन अर्धा होतो. त्या एपिसोडाचं खरं पाप म्हणजे त्याची जागा. सहावा संपतो तेव्हा लॅबमध्ये सगळे जीव मुठीत धरून उभे आहेत आणि आपल्याला एकदम दुसऱ्या शहरात, अनोळखी पोरांच्या टोळीत नेऊन बसवतात. पंगतीत भात वाढायच्या वेळेला कुणी भाषण सुरू करावं तसं झालं ते. आधी कुठेतरी असता तर एवढ्या शिव्या खाल्ल्या नसत्या.

७. रेटिंग फार कमी आहे. न बघताच सोडू का?

रेटिंग म्हणजे एपिसोड किती चांगला आहे ते नाही, मत द्यायला कोण कोण आलं होतं ते. शांतपणे 'ठीक होता' म्हणणारा माणूस साइट उघडायला जातच नाही. पहिल्या दोन दिवसांतला आकडा तर अजिबात धरू नका, दुसऱ्या कुठल्यातरी भांडणाचा राग काढायला आलेली झुंड त्यात असते.

वर्षं उलटून गेल्यावरची मतं जरा जास्त खरी. २००९ मध्ये 'डॉक्टर हू'च्या मासिकाने तोपर्यंतच्या २०० कथांचा वाचकांकडून क्रम लावून घेतला, तेव्हा पहिली आली 'द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी' आणि शेवटची, दोनशेवी, 'द ट्विन डायलेमा'. गंमत म्हणजे या दोन्ही मार्च १९८४ च्या, एकामागोमाग एक दाखवलेल्या! एकीत जुना डॉक्टर मरतो, पुढचीत तोच नव्या रूपात, नव्या ॲक्टरसह येतो आणि आल्या आल्या आपल्याच सोबतिणीचा गळा दाबतो. आठवड्याभरात शिखरावरून दरीत. म्हणून मागचा एपिसोड कमाल होता तर हा पण असेल, किंवा हा पडला तर आता मालिका संपली, हे दोन्ही अंदाज बाद.

८. सगळे शिव्या घालतायत पण मला आवडला. माझं काही चुकतंय का?

नाही. 'थ्रेशोल्ड'ला मेकअपसाठी एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळालंय, बोला आता. (नीट बघा, मेकअप खरंच जबरदस्त आहे.)

'लव्ह अँड मॉन्स्टर्स' (१७ जून २००६) हा 'डॉक्टर हू'चा एपिसोड माझ्या मनात असाच आहे. डॉक्टर त्यात जेमतेम दिसतो, कारण वेळापत्रकात एक एपिसोड जास्तीचा बसवायचा होता आणि हिरोला दोन ठिकाणी उभं करता येत नाही. राक्षस आहे तो लहान मुलांच्या स्पर्धेत जिंकलेल्या नऊ वर्षांच्या मुलाने काढलेला. त्याच्या डोक्यात तो बसएवढा मोठा होता, पडद्यावर आला हिरवा मेकअप केलेला जाडा माणूस. शेवटी तर फरशीच्या तुकड्यात एका बाईचं नुसतं तोंड उरतं. हे सगळं मान्य. पण पहिला अर्धा तास म्हणजे एका आवडीने जमलेली, केक खाणारी, गाणी म्हणणारी एकटी एकटी माणसं आणि मग त्यांच्यात एक हुकूमशहा शिरतो आणि मजेचा अभ्यास करून टाकतो. कुठल्याही फॅन ग्रुपमध्ये चार वर्षं काढलेल्याला हे बघताना गलबलून येतं. मला आलं.

आणि हीच अडचण, हिरो नाही, पुढच्या वर्षी परत आली तेव्हा त्यातून 'ब्लिंक' निघाला, ज्याला ह्यूगो मिळाला. म्हणजे नुसत्या अडचणीला दोष देऊन पण भागत नाही.

९. बनवणाऱ्यांना टॅग करून चार शब्द सुनावले तर?

एपिसोडाबद्दल सुनवा, माणसाबद्दल नको. ॲक्टरच्या अकाउंटवर जाऊन स्क्रिप्टचा राग काढणं तर अजिबात नको, त्या बिचाऱ्याने दिलेले डायलॉग म्हटलेत. फॅन लोकांचं म्हणणं पोचतं यात शंका नाही, १९६७-६८ मध्ये पत्रांचा ढीग पाडून लोकांनी जुनं स्टार ट्रेक तिसऱ्या सीझनसाठी चालू ठेवायला लावलं होतं. आता त्या मिळवलेल्या सीझनची सुरुवात 'स्पॉक्स ब्रेन'ने झाली हा भाग वेगळा.

१०. वाईट एपिसोडामुळे मालिकेचं कधी भलं झालंय का?

झालंय. 'लॉस्ट'चा तिसरा सीझन, 'स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड', फेब्रुवारी २००७. हिरो जॅकच्या हातावरचे टॅटू कुठून आले यावर अख्खा फ्लॅशबॅक. कुणी विचारलं होतं? पण मालिका कधी संपवायची हे चॅनल सांगत नव्हतं त्यामुळे रायटर लोक पाणी घालून आमटी वाढवत बसले होते, आणि त्याचा पुरावा म्हणून हाच एपिसोड पुढे ठेवता आला, असं मालिकेच्या कर्त्यांपैकी एक, डेमन लिंडेलॉफ यांनी नंतर सांगितलंय. मे २००७ मध्ये जाहीर झालं, अजून ४८ एपिसोड आणि २०१० मध्ये शेवट.

११. आणि शेवटचाच एपिसोड गंडला तर? आधीचं सगळं वाया?

इथे ६ चालत नाही, शेवट वगळणार कसा. 'स्टार ट्रेक: एंटरप्राइज'चं हेच झालं. चार सीझन, ९८ एपिसोड, आणि १३ मे २००५ ला शेवट काय, तर 'नेक्स्ट जनरेशन'चा रायकर (३ मधला) होलोडेकवर, म्हणजे हवं ते दृश्य खऱ्यासारखं उभं करणाऱ्या खोलीत, बसून यांची गोष्ट बघतोय, तीसुद्धा त्याच्या स्वतःच्या मालिकेतल्या १९९४ च्या एका एपिसोडाच्या मधल्या वेळात. म्हणजे यजमान आपल्याच घरात पाहुणे. वर जहाजाचा इंजिनिअर ट्रिप, त्याला घाईघाईत मारून टाकलं. कलाकार उघडपणे नाराज होते आणि ब्रागांनीही (हो, तेच, ४ मधले) पुढे चूक मान्य केली.

पण त्याच संध्याकाळी आधी 'टेरा प्राइम' दाखवला होता, आणि तिथे थांबलं तर शेवट व्यवस्थित होतो. खूप फॅन तिथेच थांबतात. मी पण.

१२. मग 'हे कॅनन (मालिकेची अधिकृत गोष्ट) नाही' असं आपणच ठरवलं तर चालतं का?

घरच्या घरी चालतं, वाद घालताना नाही. पडद्यावर दिसलं ते झालं. 'एंटरप्राइज'च्या पुढच्या कादंबऱ्यांत ट्रिप मेलाच नव्हता, ते सगळं नाटक होतं असं दाखवलंय आणि वाचायला मजा येते, पण कादंबऱ्या कॅननमध्ये धरत नाहीत.

१३. मधेच एपिसोड कळेनासा झाला, कुणाचा कोण संबंधच लागेना. हाही वाईटच ना?

थांबा, क्रम तपासा आधी. 'फायरफ्लाय' २००२ मध्ये चॅनलने उलटसुलट दाखवली, सगळ्यांची ओळख करून देणारा पहिला एपिसोड सगळ्यात शेवटी, डिसेंबरात. १४ पैकी ११ च दाखवले आणि बंद. तेव्हा ज्यांनी 'काही कळत नाही' म्हणून सोडली त्यांचं काही चुकलं नव्हतं.

१४. मालिका बंद पडता पडता वाचली आणि मगच बोअर झाली, असं कसं?

'बॅबिलॉन ५'. पाच सीझनची गोष्ट आधीपासून आखलेली, पण चौथ्यात पाचवा मिळेल का याची खात्री नव्हती, म्हणून मालिकेचे कर्ते-लेखक स्ट्रॅझिन्स्की यांनी मोठी युद्धं चौथ्यातच आवरली, शेवटचा एपिसोडसुद्धा शूट करून टाकला. आणि मग दुसऱ्या चॅनलने पाचवा सीझन दिला! शूट झालेला शेवट बाजूला ठेवला, चौथ्यासाठी नवा शेवट बनवला, आणि पाचव्याच्या पहिल्या अर्ध्यात सांगायला फारसं उरलंच नाही. आधी लेखणी पळवली आणि नंतर रस्ता उरला. तरी धीर धरा, दुसरा अर्धा सावरतो आणि जपून ठेवलेला तो शेवट १९९८ च्या नोव्हेंबरात आला तेव्हा रडवून गेला.

१५. 'थ्रेशोल्ड'मधल्या त्या पिल्लांचं पुढे काय झालं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, शप्पथ. तीन होती. उपकप्तान चकोटेने त्यांना त्याच ग्रहावर सोडून द्यायचं ठरवलं, आणि नंतर पाच सीझन झाले तरी एकानेही त्यांची चौकशी केली नाही. आईबापांनी पण नाही.